शेतकऱ्यातला र

मराठीत र हे अक्षर एकच. पण दुसऱ्या व्यंजनाच्या घरी जाताना ते चार निरनिराळे वेष करते. ‘प्रकाश’ या शब्दात ते प च्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसते. ‘राष्ट्र’ मध्ये ट च्या खाली दोन पाय पसरते. ‘सूर्य’ मध्ये रफार होऊन पुढच्या अक्षराच्या थेट डोक्यावर चढते. आणि ‘दऱ्या’ मध्ये पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटलेली, मिटल्या डोळ्याच्या पापणीसारखी एक आडवी, वाकडी रेघ होते. पहिले तीन वेष संस्कृताला आणि हिंदीलाही ठाऊक आहेत. चौथा मात्र मराठीचा, कोकणीचा आणि तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी नेपाळीचा.

हा चौथा वेष केवळ शोभेचा आहे असे कोणी समजू नये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांच्या मधल्या खोल जागा. ‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’ या दोन आज्ञांत पैसे पंडिताच्या हाती पडतील की स्वयंपाक्याच्या, एवढा फरक आहे. फरकाचे मूळ उच्चारात आहे. ‘दर्या’ म्हणताना जोडाक्षराचा आघात मागच्या द वर येतो आणि द गुरू होतो. ‘दऱ्या’ म्हणताना द हलकाच राहतो, लघूच राहतो. वर्गात वृत्ते शिकवताना फळ्यावर हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले की मुलांना लघु-गुरूचे मर्म अर्ध्या मिनिटात कळते. एरवी पाऊण तास जातो.

आता हा र कुठे कुठे वसतीला आहे ते पाहा. ‘शेतकरी’ हा शब्द एकटा असेपर्यंत साधा असतो. पण त्याला काही द्यायचे म्हटले, त्याच्याकडून काही घ्यायचे म्हटले, त्याच्याविषयी नुसते बोलायचे म्हटले, की तो ‘शेतकऱ्याला’, ‘शेतकऱ्याकडून’, ‘शेतकऱ्यांविषयी’ असा होतो आणि पापणीचा र हजर होतो. ‘अधिकाऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘नोकऱ्या’, ‘बिचाऱ्या’ यांचीही तीच गत. राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात ज्याच्या पोटात हा र नाही असा अर्ज, असा ठराव, अशी बातमी शोधून सापडायची नाही. आणि ज्या प्रांतात आम्ही राहतो त्याचे नावच मुळी वऱ्हाड. लग्नाला निघालेल्या मंडळींचेही तेच नाव. तेव्हा हा र वाजतगाजत फिरणारा आहे म्हणावयास हरकत नाही.

असे असता गेली पंचवीस-तीस वर्षे संगणकावर आणि अलीकडे हातातल्या फोनवर आपण वाचतो आहोत ते ‘शेतकर्यांना’, ‘अधिकार्यांना’, ‘वर्हाड’. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असे पुष्कळांना वाटते आणि शाळामास्तरांच्या नावाने बोटे मोडली जातात. वस्तुतः बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिलेले असते. मोडतोड होते ती तो जिथे लिहितो त्या चौकटीत. त्या चौकटीची ही हकिगत आहे. आणि ती नीट समजायची तर शिशाच्या खिळ्यांपासून आरंभ करावा लागतो.

मराठी छापील झाली ती प्रथम मराठी मुलखाबाहेर. बंगालातील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांसह छापले गेले. त्याच श्रीरामपुराहून १८१० साली निघालेल्या कोशात मराठी शब्द मोडीत छापले आहेत. कारण कारकुनाची मराठी तेव्हा मोडीत चाले आणि बाळबोध ही पोथीची लिपी मानली जाई. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले आणि मग स्वतः खटपट करून खिळे पाडले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांवर परिश्रम घेतले. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागराचे धनी झाले. १८६९ साली सुरू झालेल्या या छापखान्याचे देवनागरी टाइप इतके सुबक निघाले की काशीच्या पंडितांनाही निर्णयसागराच्या पोथीचे आकर्षण वाटू लागले.

या लोकांपुढचा प्रश्न काय होता हे ध्यानात घेतले पाहिजे. रोमन अक्षर हे आपापल्या ठोकळ्यावर सुखाने बसते. देवनागरी अक्षर एकटे बसत नाही. त्याच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार. पायाशी उकार, ऋकार. कमरेला दुसरे अर्धे अक्षर. शिसे तर लवचीक नाही. मग वरचे चिन्ह ठोकळ्याबाहेर लोंबते ठेवायचे आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकवायचे, किंवा प्रत्येक मात्रेसह अख्खे अक्षर वेगळे पाडायचे, असे दोनच मार्ग. पहिल्या मार्गाने खिळे थोडे लागतात, पण दाबाखाली लोंबते टोक मोडते. दुसऱ्या मार्गाने अक्षर अखंड व देखणे येते, पण शेकड्यांनी खण लागतात आणि जुळाऱ्याचे हात दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. जुन्या पुस्तकांत एखादा रफार अर्धाच उमटलेला दिसतो, एखादी मात्रा नाहीशी झालेली असते. तो मजकूर लिहिणाऱ्याचा दोष नसतो. खिळ्याचा खांदा तुटलेला असतो. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा पंडितांत रणे माजली. पण जुळाऱ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले असतील असे मला नेहमी वाटते.

विसाव्या शतकात टंकयंत्र आले आणि अडचण दसपट झाली. छापखान्यात निदान खण वाढवता येत होते. टंकयंत्राला कळा शेचाळीस, वर-खाली मिळून चिन्हे ब्याण्णव. त्या ब्याण्णवांत आपला संसार कसा मांडायचा? तेव्हा यंत्र बदलता येत नाही तर अक्षरेच बदला, असा विचार थोरथोर माणसांच्या मनात आला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली: इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे सोडून अ लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यायची. हिंदी साहित्य संमेलनाने नेमलेल्या लिपिसुधार समितीची धुरा काका कालेलकरांनी वाहिली आणि अशीच रूपे त्यांच्या पुष्कळ प्रकाशनांत कित्येक वर्षे चालली. आमच्या तालुक्याच्या शिवेवरून वर्धा नदी वाहते. ती ओलांडून थोडे गेले की पवनार. तिथे विनोबांनी ‘लोकनागरी’ नावाने सुधारलेली लिपी चालवून पाहिली. १९५३ साली लखनौला सरकारी परिषद भरली आणि ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी असे ठरले, कारण यंत्र डावीकडून उजवीकडे धावते आणि मागे वळून वेलांटी देणे त्याला अडचणीचे. चारदोन वर्षांतच तो ठराव मागे घ्यावा लागला. लोकांच्या डोळ्यांना ती वेलांटी मानवली नाही.

या सुधारकांना हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांच्यासमोर जे यंत्र होते ते पोलादाचे होते आणि परदेशी कारखान्यातून येत होते. गरीब देशाला छपाई स्वस्त हवी होती, साक्षरता लवकर हवी होती. त्यांनी अक्षराला यंत्राच्या मापात बसवायचे ठरवले. त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते की पुढच्या तीस वर्षांत असे यंत्र येईल, ज्याला नुसत्या सांगण्याने अक्षराच्या मापात बसवता येईल.

ते यंत्र म्हणजे संगणक. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत देवनागरीचे काम उभे राहिले. पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले. त्यातली कल्पना मोठी मार्मिक होती. यंत्राच्या पोटात ‘क’, ‘हलंत’, ‘य’ एवढीच तीन चिन्हे क्रमाने ठेवायची. ‘क्य’ कसे दिसावे हे पडद्यावर दाखवताना ठरवायचे. म्हणजे अक्षर वेगळे आणि त्याचा पेहराव वेगळा. त्याच विचारातून भारतीय लिपींसाठी क्रमांकांचे कोष्टक झाले आणि १९९१ साली ते मानक म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिपींना एका मांडवाखाली आणणारे ‘युनिकोड’ हे कोष्टक पहिल्यांदा निघाले. त्यातला देवनागरीचा भाग आपल्याच १९८८ च्या कोष्टकावरून घेतलेला आहे.

पण बाजार मानकासाठी थांबत नाही. मधल्या काळात छपाईची दुकाने गावोगाव निघाली होती आणि त्यांना आजच्या आज लग्नपत्रिका हवी होती. तेव्हा श्रीलिपी, आकृती अशा नावांचे मराठी टाइप आले. त्यांत युक्ती अशी की यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठेवायचे आणि त्यांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायचे. प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. त्या टाइपांनी वीस वर्षे मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, दिवाळी अंक छापून दिले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु टाइप बदलला की मराठी नाहीशी व्हायची आणि खालची इंग्रजी अक्षरांची भरड वर यायची. विशेष गंमत अशी की मजकूर मोठ्या पानावर उत्तम दिसे. पण त्याच मजकुराचे शीर्षक वरच्या लहानशा चौकटीत, फाइलचे नाव लिहिण्याच्या जागी, किंवा शोधायचा शब्द टाकण्याच्या जागी लिहिले की भरड. कारण त्या चौकटी यंत्राच्या स्वतःच्या इंग्रजी टाइपात बोलत. मराठी ही दिवाणखान्यात पाहुणी म्हणून बसू शके. माजघरात तिला जागा नव्हती.

युनिकोडाने ही स्थिती बदलली. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टाइप आला. तो आपल्या र. कृ. जोशींचा, कवी, अक्षरकार आणि आयआयटीतले शिक्षक. हा माणूस २००८ साली गेला. आज कोट्यवधी लोक ज्या अक्षरात अर्ज भरत आले त्या अक्षराचा कर्ता मराठी कवी होता, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठेतरी एका ओळीत यावे असे मला वाटते.

इतके झाले तरी आपला पापणीचा र निवांत झाला नाही. कोष्टकात हलंत र आणि पुढे य आला की त्याचा रफार करायचा, असा सरळ नियम होता. हिंदीला तो पुरत होता. मग दऱ्या कशा लिहायच्या? आरंभी उपाय निघाला तो असा की र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह टाकायचे. हे चिन्ह म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. ते दिसत नाही, जागा घेत नाही, उच्चारात नाही. ते फक्त यंत्राच्या कानात सांगते की बाबा रे, इथे रफार करू नकोस, पापणी कर. पुढे दुसरा उपाय मान्य झाला. तमिळातील जाड र देवनागरीत लिहिता यावा म्हणून कोष्टकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ ठेवलेला होता. त्याला हलंत दिला की पापणीचा र मिळावा असे ठरले. म्हणजे आमचा शेतकऱ्यातला र आज एका दाक्षिणात्य पाहुण्याच्या घरात राहतो.

दोन्ही रीती अजून चालू आहेत, आणि इथेच घोटाळ्याचे मूळ आहे. दोन्हींनी लिहिलेला शब्द पडद्यावर सारखाच दिसतो. पण यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द आहेत. एका रीतीने नोंदवलेले ‘गोऱ्हे’ आडनाव दुसऱ्या रीतीने शोधले तर यादीत असूनही सापडत नाही. आणि पहिल्या रीतीत जो अदृश्य जोडक आहे, तो वाटेत कुठे गळला तर ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ झालेच म्हणून समजा.

तो गळतो कुठे याचे उत्तर मला आमच्या गावातल्या झेरॉक्स-टंकलेखनाच्या दुकानात बसणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाले. मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही, तेव्हा त्याने सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगतो.

तो ज्या एडिटरात, म्हणजे लिहिण्याच्या प्रोग्रामात, काम करतो त्यात पानाचा पेहराव बदलण्याची एक खिडकी आहे. तिला ‘थीम’ची खिडकी म्हणतात. रंग कोणता, टाइप कोणता, मथळ्यावर काय लिहायचे, तळाशी काय लिहायचे हे सगळे तिथल्या लहान लहान चौकटींत भरायचे असते. त्याने एका पाक्षिकाचा मथळा भरला: ‘वऱ्हाडातील शेतकऱ्यांसाठी’. चौकटीत लिहीपर्यंत सर्व ठीक. जतन करण्याचे बटण दाबले आणि मथळा ‘वर्हाडातील शेतकर्यांसाठी’ असा झाला. खालचा सारा मजकूर जशाचा तसा. त्यात वऱ्हाडही शाबूत आणि शेतकरीही शाबूत. मोडले ते फक्त मथळ्यातले. शिवाय त्या चौकटीत अक्षरांची डोकी आणि पाय कापलेले दिसत. मात्रेचे टोक वर गडप, उकार खाली गडप. पाक्षिकाच्या मालकाने त्याला शुद्धलेखनावरून चार शब्द ऐकवले. पोरगा माझ्याकडे वही घेऊन आला, म्हणाला, ‘गुरुजी, मी लिवलं ते बराबर हाये का नाही, तेवढं सांगा.’ मी म्हटले, बरोबर आहे. मग तो तीन रात्री त्या प्रोग्रामाच्या पोटात शिरून बसला. प्रोग्राम उघडा होता, म्हणजे त्याची आतली रचना कोणालाही वाचता येईल अशी ठेवलेली होती.

डोकी-पाय कापली जाण्याचे कारण लवकर सापडले. चौकटीची उंची रोमन अक्षराच्या मापाने बांधलेली होती आणि जे बाहेर जाईल ते कापावे अशी आज्ञा होती. निर्णयसागराच्या जुळाऱ्याला हे ताबडतोब कळले असते; ठोकळ्याबाहेर लोंबणारी मात्रा आणि तिला न मिळणारी जागा, दुखणे तेच. शिशाच्या जागी काच आली एवढेच. उंची टाइपाप्रमाणे आपोआप वाढावी असे लिहिल्यावर ते दुखणे गेले.

दुसरे कारण खोल होते. चौकटीतला मजकूर जतन करण्यापूर्वी एका चाळणीतून जाई आणि ती चाळणी सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकी. मजकुराच्या मोठ्या पानाला ही चाळणी नव्हती, म्हणून तिथे र वाचला. चाळणी लावणारा मूर्ख नव्हता. अदृश्य चिन्हांचा उपयोग लबाड लोक करतात. एखाद्या पेढीच्या नावात न दिसणारे चिन्ह घुसवून दुसरे, हुबेहूब दिसणारे नाव तयार करतात आणि भोळ्या माणसाला फसवतात. तेव्हा चोर येतात म्हणून दार लावले, आणि घरातली म्हातारी बाहेर राहिली, असा प्रकार.

हीच चूक याआधी जगाच्या पातळीवर होऊन गेलेली आहे. इंटरनेटवरील पत्त्यांत इंग्रजीखेरीज इतर लिपी चालाव्यात म्हणून २००३ साली जे नियम केले, त्यांत हा जोडक सरसकट गाळून टाकावा असे होते. म्हणजे त्या नियमांप्रमाणे पत्त्यातल्या वऱ्हाडातला जोडक जाणार आणि मागे वर्हाड उरणार. २०१० साली नवे नियम आले. त्यांत म्हटले की जोडकाच्या लगेच मागे हलंत असेल तर तो राहू द्यावा. कारण तिथे तो लबाडीसाठी नाही, कामासाठी आलेला आहे. ‘.भारत’ हे देवनागरी पत्त्याचे टोक २०१४ साली सुरू झाले, तोवर ही दुरुस्ती झालेली होती. आमच्या विद्यार्थ्याने हाच नियम उचलला. चाळणीला त्याने एवढेच सांगितले: पुढच्या चिन्हाकडे पाहण्याआधी मागचे चिन्ह पाहा, मागे हलंत असेल तर जोडकाला जाऊ दे, नसेल तर काढ. आणि आणखी एक शहाणपण केले. र, हलंत, जोडक असे तिघे एकत्र आले तर दारातच त्यांच्या जागी टिंबाचा ऱ आणि हलंत ठेवायचा, म्हणजे पुढे शोधताना दोन रीतींचा घोळ नको. सगळी मिळून दहाबारा ओळींची दुरुस्ती.

ती त्याने एडिटरच्या कर्त्यांकडे पाठवली. ते लोक दूरदेशीचे. त्यांनी विचारले, आणि ते योग्यच विचारले, की जे चिन्ह दिसतच नाही ते ठेवण्याची गरज काय? याने उत्तरादाखल दोन चित्रे काढून पाठवली. एकाखाली ‘दर्या’ लिहिले आणि वर लाटा काढल्या. दुसऱ्याखाली ‘दऱ्या’ लिहिले आणि वर डोंगर. दुरुस्ती स्वीकारली गेली.

अदृश्य चिन्हाने केवढा अनर्थ होतो याचे मोठे उदाहरण आमच्या शेजारच्याच भाषेत घडले. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद मुलूख लागतो. त्या तेलुगूतला ‘ज्ञा’ २०१८ च्या फेब्रुवारीत जगभर गाजला. हे अक्षर एका अदृश्य चिन्हासह फोनच्या लिहिण्याच्या चौकटीत आले की ॲपलचे महागडे फोन जागच्या जागी कोलमडत. मुले गंमत म्हणून एकमेकांना ते अक्षर पाठवू लागली. कंपनीला घाईघाईने त्याच महिन्यात दुरुस्ती काढावी लागली. ज्ञानाचा ज्ञा यंत्राला पेलला नाही, असे त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणाले.

र ची कथा सांगितली आणि अ ची टाकली तर अन्याय होईल. ‘ॲसिड’, ‘ॲडव्होकेट’, ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दांच्या आरंभी जो अ वर चंद्र आहे, तो मराठीने इंग्रजी शब्दांसाठी स्वतः घडवलेला. युनिकोडात मात्र आरंभी ए वरचा चंद्र तेवढा होता. मराठी माणूस अ लिहून पुढे चंद्र टाकी, तेव्हा काही यंत्रे तो चंद्र अ वर चढवायला नकार देत आणि शेजारी ठिपक्याठिपक्यांचे एक वर्तुळ काढून त्याच्यावर ठेवत. रुग्णवाहिकेच्या नावात असे रिकामे वर्तुळ पाहिले की पोटात गोळा येई. अखेर २००८ च्या एप्रिलात निघालेल्या युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळाला, ०९७२. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ या दोघांना रीतसर पाटावर बसवले. शंभराहून अधिक वर्षे छापखान्यात राबलेल्या अक्षराची ही उशिरा झालेली मुंज.

पेहरावाचा म्हणून जो अगदी शुद्ध प्रश्न, तो ल आणि श यांचा. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. हिंदीचा ल दंडाला टेकलेला. मराठीचा श देठाचा, हिंदीचा गाठीचा. क्रमांक दोघांचा एकच, कारण अक्षर एकच आहे. फक्त वेष निराळा. टाइप नीट घडवलेला असेल तर त्यात दोन्ही वेष ठेवलेले असतात आणि मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितले की ते मराठी वेष काढून देते. पण सांगायचे कुठे? पेहराव बदलण्याच्या खिडकीत रंग विचारतात, आकार विचारतात, जाडी विचारतात. भाषा कोणती हे पुष्कळदा विचारतच नाहीत. मग जे पहिले हाती लागेल ते, म्हणजे बहुधा हिंदीचे. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल वापरावा असे सांगितलेले आहे, आणि पहिलीच्या मुलांना तसेच गिरवायला लावतात. तीच मुले घरी जाऊन फोनवर आपले नाव पाहतात तेव्हा ‘शीतल’ला आपल्या वहीतला श दिसत नाही आणि ल ही दिसत नाही. ‘गुरुजी, फोनमधला श चुकला का?’ असा प्रश्न मला वर्गात विचारला गेला आहे. चुकला नाही, तो दुसऱ्या गावचा आहे, असे मी सांगतो.

तूर्त एवढे सांगता येईल की जो इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य कळपाटी वापरतो त्याला त्या अदृश्य जोडकाच्या वाटेला जावेच लागत नाही. ज्या कळीवर र आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की टिंबाचा ऱ येतो. त्यापुढे हलंत आणि य किंवा ह. आमच्या शाळेतल्या संगणकाच्या कळपाटीवर ती कळ वारंवार दाबली जाऊन तिच्यावरचे अक्षर पुसट झाले आहे. मुलांनी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून शाईने र काढला आहे, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीकशी पापणी.